सापाचा रंग आणि सापाची ओळख

बोरघाटाच्या पायथ्याशीं, उल्हास आणि पाताळगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत, कर्जत व खालापूर हे तालुके वसलेले आहेत. वर माथेरानचें आणि सह्याद्रीचें रान, खालीं भाताचीं खाचरें, आणि या दोहोंच्या मध्यें वाड्या व पाडे, अशी तेथील भूमीची रचना आहे. मृगाच्या सरी कोसळून बिळांत पाणी शिरलें, म्हणजे सापांना बाहेर पडावें लागतें. याच सुमारास त्यांचीं पिलेंही दिसूं लागतात. घोणस जिवंत पिलांना जन्म देते. धामण, नाग आणि मण्यार यांचीं पिलें अंड्यांतून बाहेर येतात. वीतभर लांबीचा असा एखादा जीव पडवीच्या कोपऱ्यांत किंवा पेंढ्याच्या उडवींत आढळला, कीं पाहणाराच्या मुखीं पहिला प्रश्न येतो तो हाच, कीं जात विषारी कीं बिनविषारी? आणि त्याचें उत्तर बहुधा रंगावरून देण्यांत येतें. काळ्यावर पांढरे पट्टे दिसले कीं मण्यार, तपकिरी अंगावर मोठे ठिपके दिसले कीं घोणस. हा न्याय कितपत खरा आहे, याच्या शोधाचा इतिहास सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळाचा आहे, आणि त्यांतून निघणारा निर्णय शेतकऱ्याच्या प्राणाशीं निगडित आहे.

या शोधाचा आरंभ भारताच्या पूर्व किनाऱ्यावर झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेंत असलेला पॅट्रिक रसेल हा स्कॉटलंडचा वैद्य. त्यानें कोरोमांडल किनाऱ्यावरील साप जमवून, त्यांचीं रंगीत चित्रें व देशी नांवें यांसह एक ग्रंथ १७९६ सालीं प्रसिद्ध केला. घोणसीच्या शास्त्रीय नांवांत आजही रसेलचें नांव आहे. चित्रांमुळें त्या ग्रंथाची कीर्ति झाली. परंतु चित्राशेजारीं रसेलनें दुसरीही एक गोष्ट नोंदविली होती. सापाच्या पोटावरील व शेपटीखालील खवल्यांची त्यानें मोजणी केली होती. ही रीत स्वीडनच्या लिनिअसनें घालून दिलेली होती. रंग डोळ्यांत भरतो, खवले मात्र मोजावे लागतात. म्हणून लोकांच्या स्मरणांत रंग राहिला आणि शास्त्रज्ञांच्या वहींत खवले राहिले.

पुढें १८८३ सालीं मुंबईंत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि तीन वर्षांनीं तिचें नियतकालिक निघूं लागलें. त्या नियतकालिकांत फ्रँक वॉल या लष्करी वैद्यानें १९०५ सालापासून भारतांतील सामान्य सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली. वॉलचें सारें प्रतिपादन एका सूत्रांत सांगतां येतें: साप ओळखावा तो खवल्यांवरून, रंगाचा आधार घ्यावा तो त्यानंतर. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले बाजूच्या खवल्यांहून मोठे व षट्कोनी असतात, आणि तिच्या शेपटीखालील पट्ट्या अखंड असतात. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या हा साप बिनविषारी. त्याच्या पाठीवरील खवल्यांत असा भेद नसतो आणि शेपटीखालील पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या असतात. नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला एका बाजूस नाकपुडीला व दुसऱ्या बाजूस डोळ्याला भिडतो. फणा मिटलेला असो, वा फण्यावरील आंकडा पुसट असो, ही खूण बदलत नाहीं.

रंगाचा न्याय कोठें फसतो, हें पिलांच्या बाबतींत सर्वांत स्पष्ट दिसतें. मण्यारीचे पट्टे मानेकडे अस्पष्ट असून शेपटीकडे ठळक होत जातात, आणि कवड्याचे नेमके याच्या उलट, असा एक सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे. वयांत आलेल्या सापांस तो बहुतांशीं लागू पडतो. परंतु मण्यारीच्या पिलाच्या अंगावर मानेकडेही स्वच्छ खुणा असतात. त्या वयाबरोबर विरळ होतात. म्हणजे जो नियम विश्वासानें पाठ केलेला असतो, तोच पिलूं समोर आलें असतां जीवघेणा ठरूं शकतो. उलट धामणीच्या पिलाच्या पुढील अंगावर फिकट आडवे पट्टे असतात. पुढें ते नाहींसे होतात. डुरक्या घोणस हा निरुपद्रवी साप तर केवळ घोणसीसारख्या ठिपक्यांपायीं मारला जातो.

हे रंग येतात कोठून, आणि एकाच जातींत ते निरनिराळे कां होतात, याचा उलगडा होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. ग्रेगोर मेंडेलनें वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ सालीं छापले गेले. पण त्यांचें महत्त्व १९०० सालीं जगाला कळलें. आईबापांपासून प्रत्येक गुणाचा एकेक घटक संततीस मिळतो. त्यांतील एक प्रभावी ठरतो आणि दुसरा सुप्त राहून पुढच्या पिढींत पुन्हां प्रकट होतो, हा त्या नियमाचा गाभा होय. १९१९ सालीं कर्जत येथें भात-संशोधन केंद्र सुरू झालें. नवीं वाणें निपजविण्याचें शास्त्र याच नियमांवर उभें आहे. कर्जतच्या शेतकऱ्याला त्याचें फळ भाताच्या लोंबींत पाहावयास मिळालें; सापांच्या बाबतींत तोच नियम दूर अमेरिकेंत पडताळला गेला.

तेथील आग्नेय भागांत कॉर्न साप नांवाचा एक बिनविषारी साप आढळतो. आपल्याकडील धामण व तस्कर यांच्याच कुळांतला हा साप. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके आणि पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी काळी-पांढरी नक्षी, असें त्याचें रूप. १९५३ सालीं नॉर्थ कॅरोलिना राज्यांत काळ्या रंगाचा अंशही नसलेला असा एक साप सांपडला. बेक्टेल दांपत्यानें या वाणाची पैदास करून, हा गुण सुप्त घटकानें वंशांत उतरतो, असें १९६२ सालीं दाखवून दिलें. नेहमीच्या रंगाच्या, पण तो घटक पोटीं बाळगणाऱ्या नरमादीस पिलें झालीं, तर सरासरीनें चारांत एक काळ्या रंगावांचून निपजतें. उरलेलीं तीन वरून सारखींच दिसतात, परंतु त्यांतील दोघांत तो घटक सुप्त असतो. तो कोणत्या दोघांत आहे, हें नुसत्या डोळ्यांनीं कोणासही सांगतां येत नाहीं.

तांबड्या रंगाचा अभाव हा दुसरा असाच सुप्त गुण. दोन्ही घटक बाळगणाऱ्या जोडप्यास सरासरीनें १६ पिलांत ९ नेहमीचीं, ३ काळ्यावांचून, ३ तांबड्यावांचून आणि १ दोन्ही रंगांवांचून, जवळजवळ पांढरें, असें प्रमाण पडतें. ठिपके जुळून लांब रेघा व्हाव्या, हेंही अशाच घटकांचें काम आहे. शिवाय अंड्यांतून येतांना पिलांत पिवळी छटा जवळजवळ नसते. ती वयाबरोबर चढते. म्हणून जाणता मनुष्य नुकत्या जन्मलेल्या पिलाच्या वाणाविषयीं निर्णय देतांना आईबापांची नोंद आधीं पाहतो. २०१५ सालीं जिनिव्हा येथील संशोधकांनीं काळ्या रंगाच्या अभावाचें मूळही शोधून काढलें. 'ओसीए-२' या जनुकांत दुसरा एक तुकडा मध्येंच घुसल्यामुळें त्याचें कार्य बंद पडतें. याच जनुकांतील बिघाडानें माणसांतही वर्णहीनता येते.

या दूरदेशींच्या शोधाचा कर्जत-खालापुरच्या पाड्यांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. महाराष्ट्रांतही अधूनमधून पांढरा नाग सांपडतो आणि त्याच्याभोंवतीं मणि, गुप्तधन व दैवी सामर्थ्य यांच्या कथा गुंफल्या जातात. तो सौम्य असतो, असा समजही कोठें कोठें आढळतो. वस्तुतः रंग हें त्वचेंतील पेशींचें कार्य आहे आणि विष हें डोक्यांतील ग्रंथींचें. एक जनुक बंद पडल्यानें वर्ण गेला, म्हणून विष गेलें असें होत नाहीं. पांढरा नाग काळ्या नागाइतकाच घातक असतो.

मग रात्रीं दंश झाला असतां, खवले मोजण्यास सवड कोणाला असणार? या प्रश्नाचें उत्तर देण्यांत मुंबईचा मोठा वाटा आहे. परळच्या जुन्या राजभवनांत १८९९ सालीं प्लेग-संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९२५ सालीं तिला डॉ. हाफकिन यांचें नांव मिळालें. सर्पविष व प्रतिविष यांचें कार्य पुढें या संस्थेंत वाढलें, तेथील डॉ. पी. जे. देवरस यांनीं भारतीय सापांवर सामान्य वाचकांसाठीं लिहिलेलें पुस्तक १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा देऊन त्यांच्या रक्तापासून तयार केलेलें बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारही सापांवर चालतें. त्यामुळें दंश करणारा साप या चारांपैकीं कोणता, याचा निकाल लागेपर्यंत उपचार थांबवावे लागत नाहींत. रायगड जिल्ह्यांतीलच महाड येथें डॉ. हिम्मतराव बावसकर यांनीं विंचूदंश व सर्पदंश यांच्या रुग्णांचा दीर्घ काळ अभ्यास केला. मण्यारीचा दंश पुष्कळदां झोपेंत होतो, वेदना अल्प असते आणि व्रणही दिसत नाहीं. अशा वेळीं पोटांत दुखणें, पापण्या जड होणें, गिळतां न येणें हींच लक्षणें बोलतात; साप पाहिलेला नसतो आणि त्याचा रंग सांगण्यास कोणी साक्षीदार नसतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें येथील सापांना अभय दिलें आहे. पिलूं मारणें वा बरणींत घालून पाळणें, दोन्हीही उचित नव्हे. पडवींत आढळलेल्या पिलापासून मुलांना दूर ठेवावें, नजर न सोडतां जाणत्या सर्पमित्रास बोलवावें, आणि दंश झालाच तर अंग न हालवितां रुग्णालय गांठावें. मांत्रिकाकडे जाण्यांत किंवा मेलेल्या सापाच्या पट्ट्यांवर वाद घालण्यांत जी घटका जाते, तीच पुष्कळदां शेवटची ठरते. सापाच्या अंगावरील रंग ही त्याच्या वंशाची नोंद आहे, आणि ती वाचणें हा विद्येचा आनंद आहे. परंतु त्या नोंदींत विषाचें पान नसतें, एवढें घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.