वळिवडें येथील पोलिश भगिनी

घरचा कर्ता गेल्यावर शेताचा, कर्जाचा व लेंकरांचा भार एकट्या विधवेच्या माथीं कसा येतो, हें आपणां यवतमाळ जिल्ह्यांतील लोकांस सांगावयास नको. युद्धानें असाच भार ज्यांच्यावर टाकिला, अशा हजारों कॅथोलिक स्त्रियांना महाराष्ट्रानें एकदां आश्रय दिला होता.

१९४० व १९४१ सालीं सोव्हिएत सत्तेनें पूर्व पोलंडांतील लक्षावधि माणसें सैबेरियांत व कझाकस्तानांत हद्दपार केलीं. १९४१ च्या करारानें सुटका झाल्यावर बहुतेक तरुण पुरुष सैन्यांत गेले. अनेक स्त्रिया व मुलें इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. १९४३ मध्यें कोल्हापूरनजीक वळिवडें येथें त्यांची छावणी वसली. तींत सुमारें ५,००० जीव राहत.

खर्च लंडनस्थित पोलिश सरकार देई. परंतु प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र जागा, स्वतःची चूल व बाजारहाटास पैसा मिळे. शाळेंत शिकविणें, रुग्णांची शुश्रूषा, शिवणकाम इत्यादि कामें स्त्रियांनींच अंगावर घेतलीं. छावणींत ख्रिस्तमंदिरही उभें राहिलें.

१९४५ सालीं ब्रिटननें त्या सरकारची मान्यता काढून घेतली. त्यांचीं गांवें सोव्हिएत हद्दींत गेलीं. अनेकींस परतावयास घरच उरलें नाहीं. १९४८ मध्यें छावणी बंद झाली व फाळणीनें बेघर झालेलीं सिंधी कुटुंबें तेथें आलीं. तेंच आजचें गांधीनगर.

वाचकहो, भाकर देणें हें पुण्य खरेंच; परंतु घेणारीची चूल, तिचें काम व तिचा शब्द तिच्याच हातीं राहूं देणें, हें त्याहून मोठें पुण्य होय. आपल्या धर्मग्रामांतील विधवेच्या दारीं जातांना हें स्मरावें.