विद्युतरासायनिक संवेदक

विद्युतरासायनिक संवेदक हे एखाद्या रासायनिक पदार्थाचे प्रमाण विद्युत संकेतात रूपांतरित करून मोजणारे उपकरण आहे. पाण्यातील नायट्रेट, फ्लुओराइड, शिसे व कॅडमियम आणि हवेतील कार्बन मोनॉक्साइड अशा प्रदूषकांच्या तपासणीसाठी त्याचा वापर होतो.

कार्यपद्धती

विभवमापी संवेदकात प्रवाह जवळजवळ वाहू न देता दोन इलेक्ट्रोडांमधील विभवांतर मोजतात. धारामापी संवेदकात ठरावीक विभव लावून निर्माण होणारा प्रवाह मोजतात. जड धातूंसाठी धातू प्रथम इलेक्ट्रोडवर साचवून मग पुन्हा विरघळवतात. प्रत्येक धातू आपापल्या विभवाला सुटतो, त्यावरून तो ओळखता येतो.

इतिहास

यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये पोलॅरोग्राफी शोधली. त्यासाठी त्यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेलंड क्लार्क यांचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड १९५६ मध्ये, तर लँथॅनम फ्लुओराइडच्या स्फटिकाचा फ्लुओराइड इलेक्ट्रोड १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

नीरा खोऱ्यातील उपयोग व मर्यादा

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊसशेती होते. इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे गाव याच पट्ट्यात आहे. युरियातील नत्राचे जमिनीत नायट्रेट बनते. त्यावर ऋण भार असल्याने माती ते धरून ठेवत नाही आणि जादा पाण्याबरोबर ते विहिरींपर्यंत झिरपू शकते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते.

विहिरीच्या काठावर चाचणी करण्यास नायट्रेट इलेक्ट्रोड सोयीचा असतो. त्याचे पटल पीव्हीसीचे असून त्यात चतुर्थक अमोनियम क्षार मिसळलेला असतो. अडचण अशी की हे पटल क्लोराइडलाही थोडा प्रतिसाद देते, आणि नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा प्रश्न जुना आहे: हॅरॉल्ड मान व व्ही. ए. तम्हाणे यांनी त्यावर १९१० मध्येच पुस्तिका लिहिली होती. निवडकता गुणांक ०.००५ धरल्यास, लिटरला ७१० मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या पाण्यात सुमारे ६ मिलिग्रॅम नायट्रेट जास्त दिसते. म्हणजे प्रत्यक्षात ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी ४६ दाखवून मर्यादेबाहेर जाते. विभवातील हा फरक जेमतेम ४ मिलिव्होल्टचा असतो. तापमान बदलूनही एवढी चूक सहज होते.

यावर उपाय म्हणून नमुन्यात सिल्व्हर सल्फेट घालून क्लोराइडचा साका बसवतात, प्रमाण द्रावणे व नमुना एकाच तापमानाला आणतात आणि मोजणीच्या आधी व नंतर अंशांकन करतात. मर्यादेच्या आसपासचे निकाल प्रयोगशाळेत आयन क्रोमॅटोग्राफीने पडताळले जातात.