बहुखंडी चाकांतील मंद हवागळती

बहुखंडी चाकांतील मंद हवागळती म्हणजे दोन किंवा अधिक भाग जोडून बनवलेल्या चाकावरील टायरचा दाब काही दिवसांत वा आठवड्यांत हळूहळू उतरणे. पंक्चरच्या दुकानांत तिला ‘स्लो पंक्चर’ म्हणतात. ‘बहुखंडी’ हे नाव परस्परांहून भिन्न अशा दोन रचनांना लावले जाते व त्यांचे निदानही वेगळे असते.

== रचना ==
स्पोर्ट्स कारच्या त्रिखंडी चाकात आतील व बाहेरील पिंप आणि मधली तबकडी असे भाग वर्तुळाकार बोल्टांनी जोडलेले असतात. बीबीएस या जर्मन कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी शर्यतीच्या मोटारींसाठी अशी चाके बनवली. टायर ट्यूबविरहित असल्याने भागांमधील सांधा सिलिकॉनने किंवा रबरी कड्याने हवाबंद करावा लागतो.

ट्रकच्या १०.००–२० मापाच्या पारंपरिक चाकात रिंग, बाजूचे कडे आणि लॉक रिंग असे सुटे भाग असतात. येथे हवा ट्यूबमध्ये असते. सांध्याने हवा अडवावी अशी अपेक्षाच नसते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात गळीत हंगामात उसाची वाहतूक करणाऱ्या जुन्या ट्रकांमुळे हीच रचना कारागिरांच्या अधिक परिचयाची आहे. अशा चाकात प्रथम व्हॉल्व्ह पाहतात, मग ट्यूब काढून पाण्यात धरतात आणि फ्लॅपची घडी किंवा रिंगवरील गंज ट्यूबला कोठे घासतो ते तपासतात. स्पोर्ट्स कारच्या चाकात काढून पाहण्यासारखी ट्यूबच नसते.

== निदान ==
गळती खरोखर आहे का, हे आधी ठरवावे लागते. तापमान १० अंश सेल्सियसने उतरल्यास ३२ पीएसआयचा टायर सुमारे दीड पीएसआय कमी दाब दाखवतो. हिवाळ्यातील पहाट आणि दुपार यांत जिल्ह्यात याहून मोठा फरक पडू शकतो. उंचीचा परिणाम उलट होतो. मुंबईत ३२ पीएसआय भरलेला टायर सुमारे ६५० मीटर उंचीवरील अहिल्यानगर शहरात त्याच तापमानाला ३३ च्या आसपास दाब दाखवतो, म्हणजे लहानशी गळती प्रवासात झाकली जाते. म्हणून गाडी चालवण्यापूर्वी सकाळी चारही चाकांचा दाब काही दिवस नोंदवणे हा उत्तम उपाय होय. हवामान चारही चाकांना सारखेच लागू असते. एकच चाक मागे पडले, तर दोष त्याच चाकात.

त्यानंतर व्हॉल्व्ह पिन, व्हॉल्व्हचे बूड, टायरचा पृष्ठभाग आणि दोन्ही कडा यांवर साबणाचे पाणी लावतात. चाक काढून पाण्याच्या टाकीत सावकाश फिरवल्यास सूक्ष्म गळतीही दिसते. मात्र सांध्यातून निसटलेली हवा बोल्टांच्या छिद्रांतून वाट काढत भलत्याच बोल्टाजवळ बुडबुडे देऊ शकते. त्यामुळे बुडबुड्याची जागा हीच गळतीची जागा, असे त्रिखंडी चाकात गृहीत धरता येत नाही. तो एक बोल्ट आवळल्याने दोष क्वचितच जातो. टायर उतरवल्यावर सिलिकॉनचा थर तुटला आहे का, पिंपाला तडा आहे का आणि कडेच्या बैठकीवर गंज किंवा सुटलेला रंग आहे का, हे आतून पाहावे लागते.

== दुरुस्ती ==
हवा भरलेली असताना जोडबोल्ट सैल करणे प्राणघातक ठरू शकते. व्हॉल्व्ह पिन काढून हवा पूर्ण सोडणे आणि टायर उतरवणे ही कामे आधी होतात. जुने सिलिकॉन खरवडून पृष्ठभाग तेलमुक्त करतात, भाग जोडून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत आवळतात आणि सांध्यावर नवा थर देतात. थर पूर्ण सुकण्यापूर्वी हवा भरल्यास गळती परत येते.

लॉक रिंगच्या चाकात खरा धोका हवा भरताना असतो: नीट न बसलेले कडे प्रचंड जोराने उडते. अमेरिकेत १९८० मध्ये लागू झालेल्या कामगार सुरक्षा नियमांनी अशा चाकांत पोलादी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने आणि दूर उभे राहून हवा भरणे बंधनकारक केले.