दहाव्या वर्षीची चाळणी

पुण्याहून रेल्वेने लोणी काळभोरला येताना आधी मांजरी लागतं. तिथे जोतीराव फुल्यांची शेती होती. महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च मात्र वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडलं आणि निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. वरच्या थराला शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, असा सरकारी हिशोब होता. कालव्याच्या टेलला किती पाणी पोचतं, हे मांजरीच्या शेतकऱ्याला कोणी सांगावं!

मी हवेली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, शेवटची वर्षं लोणी काळभोरलाच. सुरुवातीच्या काळात एकाच वर्गात बागायतदाराचा मुलगा, तेलाच्या डेपोवर टँकर चालवणाऱ्याची मुलगी आणि थेऊरचा यशवंत कारखाना चालू असला की हंगामापुरती आलेली ऊसतोड्यांची पोरं असायची. बागायतदार काही शाळेला फार देणग्या देत नसत. पण पोराच्या दप्तरावर पावसाचं पाणी गळलं, की बाप दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत जाऊन आवाज चढवायचा. नवे पत्रे यायचे ते सगळ्यांच्याच डोक्यावर. ऊसतोड्याने तोच अर्ज केला असता तर तो कुठल्या फाइलीत गेला असता, ते मला ठाऊक आहे.

निवडीच्या चाळण्या मात्र आधीपासूनच वाढत होत्या. साताऱ्याची सैनिकी शाळा 1961 ची. त्याच दशकात सरकारने ग्रामीण हुशार मुलांसाठी विद्यानिकेतनं काढली. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर नवोदय विद्यालयं देशभर पसरली. आपल्या जिल्ह्याचं शिक्रापूरला. पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश, जागा ऐंशी. मी स्वतः सकाळी सातला जादा तास घेऊन मुलांना या परीक्षांना बसवलं. गरिबाघरच्या पोराला तिथे दोन वेळचं जेवण आणि खरीखुरी प्रयोगशाळा मिळाली, हे खोटं कसं म्हणू? पण त्या तासाला निवडक पोरं बसायची. उरलेल्यांना मी शुद्धलेखन देऊन ठेवायचो. जिल्हाभरातून ऐंशी निवडायची, तर उरलेले किती, हे गणित कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नसतं.

गंमत अशी की सैनिकी शाळा आणि विद्यानिकेतनं निघाली त्याच दशकात उलटा विचारही अगदी सरकारी कागदावर आला होता. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने परिसरातली सगळी मुलं एकाच शेजारशाळेत जावीत, असं सांगितलं. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. 1965 मध्ये इंग्लंडचं सरकारही अकराव्या वर्षीची निवड परीक्षा सोडून सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा आणायच्या मागे लागलं होतं. तिकडे निदान बऱ्याच शाळा बदलल्या. आपल्याकडे अहवाल छापला गेला.

लोणीत तर निवडीची दोन्ही टोकं एकाच रानात दिसतात. राज कपूरची राजबाग, जिथे ‘सत्यम शिवम सुंदरम’चं चित्रीकरण झालं, ती आता पुण्याच्या एमआयटी शिक्षणसंस्थेकडे आहे. समुद्र कुठे, लोणी कुठे. तरी 2001 पासून इथे जहाजावरच्या अधिकाऱ्यांचं शिक्षण चालतं. त्याला माझी हरकत नाही. बारावी झालेला पोरगा दर्यावर जायचं स्वतः ठरवून येतो. त्याच आवारात आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची निवासी शाळाही आहे, आणि तिथे पोराच्या वतीने ठरवतो तो बापाचा खिसा. दहाव्या वर्षीच्या परीक्षेतही पुष्कळदा घरच निवडलं जातं, पोर नव्हे.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरिबांच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सरकारी शाळा ओस पडू नयेत म्हणून हे केलं, असं समर्थन मी ऐकलं. म्हणजे गरिबाच्या पोराने किलोमीटरच्या आतच बसायचं. सरकारी शाळा सोडून गेलेल्या बागायतदाराच्या पोराला तिथे परत कसं आणायचं, याबद्दल अधिसूचनेत एक ओळही नव्हती.