यंत्रांतर आणि भाषांतर

मोठ्या संगणकाकडून अल्पमोली संगणकाकडे होणारे व्यवसायांचे संक्रमण हा सामान्यतः अर्थशास्त्राचा विषय मानला जातो. तथापि महाराष्ट्रातील त्याचा आरंभ पाहता हा प्रश्न मूलतः भाषेचा आहे, असे दिसून येते.

१९७४ साली मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेने (स्थापना १९६८) परदेशासाठीचे आपले पहिले काम हाती घेतले. अमेरिकेतील बरोज कंपनीच्या मध्यम श्रेणीच्या यंत्रांसाठी कोबोल भाषेत रचलेली रुग्णालयीन माहितीप्रणाली त्याच कंपनीच्या लघु श्रेणीच्या यंत्रांवर चालेल, अशी करावयाची होती. हे काम मुंबईतच, आयसीएल १९०३ या तिसऱ्याच, ब्रिटिश यंत्रावर पार पडले.

कोबोल १९५९ साली आखण्यात आली, ती एकच भाषा सर्व यंत्रांवर चालावी या हेतूने; १९६८ साली अमेरिकेत तिचे प्रमाणरूपही ठरले. तरी प्रत्येक निर्मात्याची बोली निराळी राहिली. संख्या गणितास सोयीच्या रूपात साठवावी, असे सांगणारा ‘कॉम्प्युटेशनल’ हा शब्द सर्वत्र एकच. परंतु ते रूप कोणते, हे ठरविणे निर्मात्यावर सोपविलेले होते. शब्द कायम राहून अर्थ यंत्रागणिक बदलत असे. नियमबद्ध भेद भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीकडे सोपविता येतात. लेखनात न उतरलेले संकेत मात्र जाणत्या वाचकालाच ओळखावे लागतात.

अशा संक्रमणाचा अनुभव मराठवाड्याला संगणकापूर्वीच आलेला आहे. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ साली हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. त्या काळच्या दप्तरातील ‘फसली १३५८’ या अक्षरांचे केवळ लिप्यंतर केल्याने अर्थ हाती येत नाही. त्यात ५९० मिळवून इ. स. १९४८-४९ हे साल काढावे लागते. कारभाराची भाषा पालटली, परंतु जुनी दप्तरे जशीच्या तशी राहिली. म्हणूनच २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू व मोडी जाणणाऱ्यांची पुन्हा गरज भासली.

यंत्राची किंमत वर्षागणिक उतरते. जुन्या लेखनाचा अर्थ लावण्याची किंमत मात्र काळाबरोबर वाढत जाते. जी संस्था आपले संकेत जाणणाऱ्यांना आधी निरोप देते आणि मग यंत्र बदलते, तिची बचत कागदापुरतीच राहते.