मानमोडी आणि धापणारं कबुतर

आटपाडीतल्या एखाद्या शाळेत कुणी मुलगा चोच उघडून धापणारं कबुतर घेऊन आला, तर ‘मानमोडी झालीय’ असं म्हणून आपण मोकळे होऊ. पण हे नाव लक्षणावरून पडलेलं आहे. १९१८च्या इन्फ्लुएन्झालाही मराठीत मानमोडीच म्हणत आणि कोंबड्यांच्या राणीखेत रोगालाही. दोन्हींचे विषाणू वेगळे.

राणीखेत रोग १९२६ मध्ये जावा आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला, तर लगोलग आपल्या कुमाऊँतल्या राणीखेतला ओळखला गेला. त्याच्या विषाणूचा कबुतरांत रुळलेला प्रकार १९८०च्या दशकात युरोपभर पसरला. त्यात कबुतराची मान पिरगळते, विष्ठा पाण्यासारखी होते. धाप सहसा कमीच.

मग धाप कशानं लागते? १८७८ मध्ये इटलीतल्या रिव्होल्टांना कबुतरांत ट्रायकोमोनास हा एकपेशीय जीव सापडला. त्यामुळे घशात पिवळट थर साचून श्वास अडतो. १९४०च्या सुमारास पोपटांच्या सिटाकोसिसचे जिवाणू कबुतरांतही आढळले. त्यात शिंका, घरघर, डोळ्यांतून पाणी अशी लक्षणं दिसतात. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून हे जिवाणू माणसाच्या फुप्फुसांतही शिरतात.

सिटाकोसिसवर टेट्रासायक्लिन गटातली औषधं चालतात, ट्रायकोमोनासवर नाहीत. विषाणूला तर आधी टोचलेली लसच रोखते. म्हणून कबुतर वेगळं ठेवावं, मुलांना हाताळू देऊ नये, विष्ठा ओली करूनच काढावी आणि पशुवैद्यकाला बोलवावं. मान वाकडी आहे की श्वास अडलाय, हे मुलांनी दुरून पाहून वहीत लिहिलं, तर त्यांनाही निदानाला मोठी मदत होईल.