सावनेरहून गेलेलं नाव

आमच्या आजोबांची एक ठरलेली फुशारकी होती. रेडिओवर लताबाईंचं गाणं लागलं की ते म्हणायचे, "हे नाव आमच्या सावनेरातून गेलं, समजलं काय?" पाहुणा मुंबईचा असला तर आवाज जरा जास्तच चढायचा. आजी आतून म्हणायची, "हो, बारशाला तुम्हीच तर गेले होते!"

फुशारकी खोटी नव्हती, नातं मात्र जरा लांबचं होतं. सावनेर नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेवर. आजाराने खंगलेले राम गणेश गडकरी अखेरच्या दिवसांत तिथे भावाकडे आले आणि २३ जानेवारी १९१९ला तिथेच गेले. वय अवघं ३३. जाण्याच्या अगदी आधी त्यांनी 'भावबंधन' पुरं केलं. ते रंगमंचावर आणलं बळवंत संगीत मंडळीने. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि दीनानाथ मंगेशकर या तिघांनी १९१८ साली ही कंपनी काढली होती. नाटकातला घनश्याम चिंतामणरावांनी केला आणि नायिका लतिका दीनानाथांनी. पुढे २८ सप्टेंबर १९२९ला इंदूरला दीनानाथांना मुलगी झाली. तिचं पाळण्यातलं नाव हेमा. मग बापाने गाजवलेल्या त्या लतिकेवरून ती लता झाली. एवढ्या भांडवलावर आजोबांनी जन्मभर रुबाब केला.

आजीकडचा माल अधिक अस्सल होता. तिचे वडील नाटकवेडे. बळवंत कंपनी इकडे आली की ते रात्रभर घरी नसायचे, आणि आले की आठवडाभर घरात दीनानाथांच्या तानाच. 'रणदुंदुभि'वर त्यांचा विशेष जीव, कारण लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचे, म्हणजे घरचेच. त्यात दीनानाथांची तेजस्विनी. "बाप्पा, पुरुष असून साडी अशी नेसायचे की आमची आई घरी येऊन आरशासमोर निऱ्या पुन्हा घालून बघायची," हे आजी दर वेळी त्याच सुरात सांगे.

तेव्हाच्या नाटक कंपन्या पोरांवर चालत. गोड गळ्याचा, देखणा मुलगा हेरायचा, त्याला तालीम द्यायची आणि लुगडं नेसवून उभा करायचा. १९००च्या डिसेंबरात गोव्याच्या मंगेशीत जन्मलेले दीनानाथही असेच कोवळ्या वयात किर्लोस्करांकडे आलेले. पण पोराचं मिसरूड फुटलं, आवाज फुटला की कंपनीच्या मालकाची झोप उडायची. दीनानाथ त्यातून तरले. सगळे तरत नसत, आणि गळा शाबूत राहिला तरी पोट भरेलच असं नाही. नागपुरात वाढलेले, शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले वसंतराव देशपांडे १९३५च्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाले होते. पडद्यावरच्या या बाळकृष्णाने पुढे लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी केली. त्यांचं 'कट्यार काळजात घुसली' आलं ते १९६७ला.

मुलीच्या गळ्याला आवाज फुटायची धास्ती नव्हती. तरी मंगेशकरांच्या घरात मुलीला गाणं शिकवायचं कोणी ठरवलेलं नव्हतं. दीनानाथ शागिर्दांना शिकवत आणि पोरगी आसपास खेळत असे. एकदा चंद्रकांत गोखल्यांना पूरिया धनाश्री देऊन ते बाहेर गेले. गोखले घोकत होते. बाहेर खेळणारी लता आत आली आणि "असं नाही, असं आहे," म्हणून तिने ते गाऊन दाखवलं. दीनानाथ तेवढ्यात परत आले होते; त्यांनी ऐकलं. घरातच गवई असताना आपण बाहेरच्यांना शिकवतोय, असं ते बायकोला म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरीला उठवून तंबोऱ्यापाशी बसवलं आणि त्याच पूरिया धनाश्रीपासून तालीम सुरू झाली.

नारदाची गोष्ट तर त्याहून न्यारी. 'सौभद्र'चा प्रयोग लागला होता आणि नारद करणारा नट आलाच नाही. लता म्हणाली, मी करते. अर्जुन होते दीनानाथ. एवढ्या उंच बापासमोर हा टीचभर नारद कसा दिसेल, याची त्यांना काळजी. पण पोरीने पदं म्हटली आणि वन्समोअर घेतला. मला यातली गंमत वेगळीच वाटते. बाप लुगडं नेसून नायिका झाला होता, आणि लेक पहिल्यांदा गाजली ती वीणा घेतलेला पुरुष होऊन!

९ सप्टेंबर १९३८ला सोलापुरात बापलेकीची बैठक झाली. नऊ वर्षांची व्हायला अजून काही दिवस बाकी होते. तिने खंबावती गायला, नाट्यपदं म्हटली आणि बाप गायला लागल्यावर तिथेच त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. हे ऐकलं की आजी हमखास म्हणायची, "पोट्टीच होती ना ती!"

तोवर कंपनीचं वैभव ओसरलं होतं. बळवंत पिक्चर्स काढून बोलपटात घातलेला पैसाही तारू शकला नाही. १६ डिसेंबर १९४१ला लता पहिल्यांदा रेडिओवर गायली, ते ऐकायला बाप होता. पुढच्या एप्रिलच्या २४ तारखेला दीनानाथ पुण्यात गेले, एकेचाळिसाव्या वर्षी. मागे आई आणि पाच पोरं, त्यात थोरली साडेबारा वर्षांची. बापाला पोरीने सिनेमात गायलेलं आवडलं नसतं, पण आता ते विचारायला घरात कोण होतं? 'किती हसाल'साठी तिने गायलेलं गाणं चित्रपटातून कापलं गेलं. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये तोंडाला रंग लावून ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. मग मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स. तिथल्याच 'माझं बाळ'मध्ये १९४३ला दहा वर्षांची आशाही गायली. बाप गेल्यावर भावंडांचा मेळा जमला तो असा, दुसऱ्याच्या कंपनीत, पगारावर. लताला मेकअप नको वाटे, दिवे नको वाटत. तरी विनायक १९४७ला जाईपर्यंत तिने ते केलं.

१९४९ला 'महल' आला. घरोघरी रेडिओवर त्यातलं लताने गायलेलं गाणं, पण गायिका कोण ते कोणाला ठाऊक नाही. तबकडीवर छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. ऐकणाऱ्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा रेडिओवाल्यांनी तबकडी काढणाऱ्या कंपनीला विचारलं आणि गाणाऱ्या बाईचं नाव सांगितलं.